कोरडा बंब

जयदेवचं डोकं गाडीच्या आत पलंगाखाली आणि पाय दाराबाहेर. गेले चार दिवस द्रौपदीला नवऱ्याचं एवढंच दर्शन घडत होतं.

गाडी कसली, चाकांवरचं घरच ते. उल्हासनगरच्या चेलाराम शेठच्या भावानं कॅनडाहून बोटीनं पाठवलेलं. आत पलंग, शेगडी, कपाटाएवढी मोरी आणि मोरीत फवारा. यातून शेठला ऐंशी वर्षांच्या आईला हरिद्वारला न्यायचं होतं. अम्माचा हट्ट एकच होता. कढत पाण्यानं अंघोळ झाल्याशिवाय ती चहालाही शिवत नसे आणि परक्या मोरीत पाऊल टाकत नसे. म्हणून हा सगळा खटाटोप.

अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हापासून जयदेव शेठच्या गॅरेजात रोजावर फिटर होता. शेठनं तुकडा पाडून सांगितलं होतं, "शनिवार सुबह निकलना है. गरम पानी आया तो तू पर्मनंट. नहीं आया तो मैं दूसरा मिस्त्री देखेगा." आणि आज शुक्रवारची दुपार झाली होती.

द्रौपदीही तिथंच कामाला होती. गॅरेजला नळ नव्हता, गल्लीच्या टोकाच्या हापशावरून ती पाणी आणायची. गाडीची टाकीही तिनंच भरली, मोजून आठ हंडे. आता भरून गप्प बसेल तर ती द्रौपदी कसली! नवी वस्तू दिसली की तिचे डोळे आधी आणि तोंड मागोमाग चालू व्हायचं.

"अहो, टाकी तर खाली हाय. मग पाणी वर नळाला चढतं कसं?"

"पंप हाय आत. बॅटरीवर चालतो," पलंगाखालून आवाज आला.

"पण त्याला कसं कळतं, नळ कधी सोडला ते?"

"नळ सोडला की पाइपातला दाब उतरतो, मग तो चालू होतो. बंद केला की दाब भरतो, हा गप. तुझ्यासारखा नाही."

द्रौपदीनं नळ सोडला. पंप टर्रर्र करून जागा झाला. बंद केला, पंप गप्प. तिनं हे पाच वेळा करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी तिला तितकीच मौज वाटली. त्यांच्या विठ्ठलवाडीच्या चाळीत तर नळ सोडून नुसती वाट पाहावी लागे.

निळ्या खुणेच्या नळाला गार पाणी येत होतं. लाल खुणेच्या नळालाही येत होतं, पण तेही गारच. घोडं पेंड खात होतं ते गॅसच्या हीटरपाशी. पेटवला की दोन मिनिटं जळायचा, करपट वास यायचा आणि आपोआप विझायचा. तीन वेळा तसंच झालं होतं.

जयदेव घामानं निथळत बाहेर आला. "लई तापलं की विझवणारी सेफ्टी खराब हाय त्याची. फुकटची बंद पडते. दोन वायरी जोडून डायरेक्ट मारतो, मग बघू कसा विझतो ते." बिघडलं की डायरेक्ट मारायचं, हा तिथल्या सगळ्या मिस्त्री लोकांचा रामबाण उपाय होता.

करपट वास द्रौपदीच्या नाकात अजून होता. तो तिच्या ओळखीचा होता. लग्न होऊन ती सोनिवलीला सासरी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं तांब्याच्या बंबात पाणी ओतायच्या आधीच निखारे टाकले होते. बुडाचा डाक वितळला आणि बंब गळका झाला. सासूबाईंनी ती गोष्ट पुढची बारा वर्षं आल्यागेल्याला चहाबरोबर वाढली.

"थांबा," ती म्हणाली. "ह्याच्यात पाणी हाय का?"

"अगं, लाल नळाला पाणी येतंय ना धो धो!"

"पहिल्यांदा सोडला तवा किती वेळानं आलं?"

"लगेच आलं."

"मग ते ह्याच्यातनं आलंच नाही." द्रौपदीला आता आतून उकळी फुटली. "बंबात वरून गार ओततो, तवा तोटीतनं गरम पडतं. पण रिकाम्या बंबाला आधी पोटभर पाणी लागतं. पोट भरल्याबिगर तो थेंब देतो का? ह्यानं लगेच कसं दिलं?"

"तुझा बंब वेगळा, हे कॅनडाचं मशीन हाय. तू हंडे भर, बाकीचं मी बघतो."

द्रौपदीला ते लागलं. पण भांडायला वेळ नव्हता. तिनं हात लांब करून हीटरच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली. भरला हंडा आणि रिकामा हंडा यांतला फरक तिचे कान झोपेतही ओळखत. पत्रा ठणठण वाजला.

जयदेवच्या हातातल्या वायरी हातातच राहिल्या. त्यानं स्वतः वाजवून पाहिलं, दोनदा. मग हीटरमागची फळी खोलली. आत तीन कॉक होते. हीटरकडे जाणारा बंद, हीटरमधून येणारा बंद आणि मधला उघडा. पाणी हीटरच्या दारापर्यंत येऊन बाजूच्या वाटेनं सरळ लाल नळाकडे पळत होतं.

"असं कशाला करून ठेवलं?" द्रौपदीनं विचारलं.

जयदेवनं बंद कॉकवर बोट टेकवलं. "तिकडं थंडीत पाण्याचा बर्फ होत असणार. आत राहिलं तर टाकी फोडेल. म्हणून रिकामा करून वाट बंद केली. आणि मी येडा कोरडाच जाळत होतो. डायरेक्ट मारला असता तर..." त्याच्या कपाळावरचा घाम आता उकाड्याचा नव्हता.

त्यानं दोन कॉक उघडले, मधला बंद केला. लाल नळ सोडला. पंप टर्रर्र करत राहिला, नळ नुसता खोकत आणि हवा थुंकत होता. तीनेक मिनिटांनी धार धरली.

"भरलं पोट," ती म्हणाली.

मग हीटर पेटला आणि पेटलेलाच राहिला. अर्ध्या तासानं शेठ अम्माला घेऊन आला तेव्हा लाल नळातून वाफा निघत होत्या.

"वाह! क्या खराबी थी?" शेठनं विचारलं.

जयदेवनं द्रौपदीकडे पाहिलं. कायमची नोकरी त्याच्या तोंडापर्यंत आली होती. बायकोकडून शिकलेला मिस्त्री कुणाला हवा असतो?

"खराबी मेरे डोके में थी, शेठ. इसने पकडा. मैं तो पूरा हीटर जला देता."

शेठनं लाल नळाखाली बोट धरलं आणि चटकन मागं घेतलं. "सच बोलता है, मतलब काम का आदमी है," तो म्हणाला. "सोमवार से पर्मनंट."

अम्मा मात्र फवाऱ्याकडे संशयानं बघत होती. "मुझ पे मत आज़माओ. पहले ये नहाएगी. सही-सलामत निकली, तो मैं जाऊँगी."

द्रौपदी लाजली, नको नको म्हणाली आणि लगेच आत गेली. तिनं कडी लावली, लाल आणि निळा नळ थोडा थोडा सोडला. पंप जागा झाला. सकाळी हापशावरून डोक्यावर वाहून आणलेलं पाणी ऊन ऊन होऊन तिच्याच डोक्यावर पडू लागलं. जन्मात पहिल्यांदा तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि तरी पाणी पडत होतं. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"अगं पुरे!" जयदेव बाहेरून ओरडला. "टाकी संपंल!"

"संपू दे," आतून आवाज आला. "मीच आणलंय."

बाहेर रिकामा हंडा वाजला आणि जयदेवची पावलं हापशाच्या दिशेनं गेली.