खिळ्यावरची वही

"मोठे सर, बाईंची चुकांची वही कुठंय?"

भर शोकसभेत मी उभी राहून विचारलं. प्रश्न आम्हा सगळ्याजणींचा, पण विचारायची पैज माझ्या गळ्यात. "विचारलंस तर तुला मानलं," असं म्हणणारी माझी मैत्रीण चिमणी आता खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होती. पट्टा लागलेलाच होता!

समोर गणिताच्या बाईंचा फोटो. आमचे मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर, नुकतेच म्हणाले होते, "एकतीस वर्षं बाईंनी फळ्यावर लिहिलं, पण त्या एकदाही चुकल्या नाहीत."

खोटं! साफ खोटं!

फळ्याशेजारी खिळ्याला एक वही लटकलेली असायची; एक भरली की दुसरी. बाईंची चूक जो पकडेल, त्याने ती वहीत लिहायची. खाली बाईंचा शेरा आणि सही: "चुकले. बरं झालं सांगितलंस."

पाचवीत मी मूग गिळून बसणारी मुलगी होते. एकदा बाईंनी सात गुणिले आठ बरोबर चौपन्न लिहिलं. मी पुटपुटले, "छप्पन्न."

बाई गर्रकन वळल्या. "कोण बोललं?"

मी हळूच हात वर केला. बाईंनी वही काढून माझ्या बाकावर ठेवली. "लिही. चांगलं ठळक लिही, मला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."

त्या दिवशी जे तोंड उघडलंय, ते आजतागायत घरच्यांच्या कानांना विश्रांती नाही.

"वही कपाटात आहे," मोठे सर दात आवळून म्हणाले. "चार लोकांनी ती पाहिली तर बाईंची काय अब्रू राहील?"

"बाई ती सगळ्यांसमोर टांगायच्या, सर. तुम्ही कुलूप का लावलंत?"

तेवढ्यात मागून पिकल्या केसांच्या एक काकू उठल्या. "पहिल्या वहीत माझंही अक्षर आहे हो," म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

संध्याकाळी घरी चिठ्ठी आली. माफीपत्र आणा, नाहीतर सोमवारपासून वर्गात बसता येणार नाही.

"खरड ना गं चार ओळी," आई म्हणाली. "हात झिजणारेत का तुझे?"

"दहावीचं वर्ष आहे," बाबा म्हणाले. "नसती थेरं कशाला?"

मी कोरा कागद घेऊन बसले. पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालं. गणित चुकलं की बाई कधी सगळ्यावर काट मारायच्या नाहीत. "कितव्या पायरीला घसरलीस ते शोध," म्हणायच्या. "वरचं बरोबर आहे, ते कशाला खोडतेस?"

शोधलं. सापडलं. मी उठले.

"आई, बाबा, ऐका. सर बोलत असताना मी हात वर न करता मध्येच बोलले. ती पायरी चुकली. तेवढंच लिहिणार. प्रश्न बरोबर होता, तो खोडणार नाही."

"आणि वर्गात घेतलं नाही तर?" बाबांनी विचारलं.

"दाराबाहेर बसेन. तिथूनही फळा दिसतो." मी कोरा कागद त्यांच्या हातात परत दिला. "आणि यावर नाही लिहिणार, बाबा. चूक लिहायची जागा ठरलेली आहे आमची. सरांना सांगा, वही काढून खिळ्याला लावा. मी सोमवारी पेन घेऊन येते."