ऑइलपेंटचं शून्य

रुग्णालयाच्या दारातल्या फलकावर दोन आकडे होते. 'माता-मृत्यू' यापुढे शून्य आणि 'सलग महिने' यापुढे बारा. महिन्यांचा आकडा खडूचा, कारण तो बदलणारा. शून्य मात्र ऑइलपेंटचं होतं. ते बदलायचं नव्हतं.

त्या दिवशी चार वाजता समिती येणार होती. वर्षभर शून्य राखलं की रुग्णालयाला रक्त साठवायचा फ्रीज मिळे. रक्त नाही म्हणून बायका दगावतात, हे धोरण लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून जिथे बायका दगावत नाहीत तिथे रक्त आधी द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी ते परिपत्रक तीनदा वाचलं होतं. तिसऱ्या वेळी तर त्यांना ते पटायलाही लागलं होतं.

दीड वाजता भाजीच्या टेम्पोतून एक बाई आली. घरीच बाळंत झालेली. सोबत तिची थोरली जाऊ, तिच्या हातात कापडात गुंडाळलेलं बाळ. बाळ ठणठणीत होतं, गुलाबी होतं, रागावलेलं होतं. बाई मात्र पांढरीफटक पडली होती आणि तिच्याखालची चादर ओली होत चालली होती.

सिस्टरने सलाइन लावली, इंजेक्शन दिलं, पोटावर मुठीने दाब धरला आणि डॉक्टरांना खबर दिली: अर्धी वार आत अडकलीय, नाडी एकशे तीस, वरचं प्रेशर ऐंशी.

"रजिस्टरला घेतलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"अजून नाही. तुम्ही काय म्हणता ते बघते नि मग घेते."

या बघण्यातच बारा महिने निघाले होते. रजिस्टरला न चढलेली बाई पुढे पाठवता येते. पुढे म्हणजे चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयात, तासाभरावर. तिथे पोचून गेली तर मृत्यू त्यांचा. वाटेत गेली तर कोणाचाच नाही. रस्ता ही काही आरोग्यसंस्था नव्हे. रस्त्याला फलक नसतो.

डॉक्टर वाईट नव्हते. वार काढायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यात त्यांचा हात चांगला बसलेला होता. पण भूल देणाऱ्याची जागा दोन वर्षं रिकामी होती आणि रक्ताची एकही पिशवी इमारतीत नव्हती. आज ही टेबलावर गेली तर फ्रीज गेला, आणि फ्रीज गेला की पुढच्या वर्षी येणाऱ्या बायकांचं काय? पुढच्या वर्षीच्या बायकांची त्यांना फार काळजी वाटली. त्या अजून रक्तस्राव करत नव्हत्या, त्यामुळे त्यांच्याविषयी शांतपणे विचार करता येत होता.

त्यांनी चिठ्ठी भरली. 'रुग्णाची स्थिती' या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं: स्थिर.

रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर सगळ्या रुग्णालयाचे मामा होते. मामांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, खिशात घातली, पण स्ट्रेचरला हात लावला नाही. गाडीतून जाड पुठ्ठ्याची वही काढून त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, वर्षभरात अकरा जणी नेल्या मी. चार जणींच्या पुढे 'सुपूर्द केल्याची वेळ' हा रकाना कोराच आहे. कोणाला सुपूर्द करणार? पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि घरच्यांना पाणी दिलं. तुमचं शून्य आहे ना, ते मी वाहून नेतो."

डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ही वही वाहन विभागाची आणि बाळंतपणाचं रजिस्टर आरोग्य विभागाचं. दोन्ही एका टेबलावर ठेवून वाचायची पद्धतच नव्हती.

दारात जाऊ उभी होती. कोणाला काही न विचारता ती म्हणाली, "मोठ्या गावाला न्यायचं तर न्या, पण बाळाला भूक लागायच्या आत सांगा, म्हणजे मी काहीतरी बघते." तोवर आपल्या धाकट्या जावेचं काय होईल, हे तिने विचारलं नाही. ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिली.

डॉक्टर उठले. "सिस्टर, टेबलावर घ्या. भूल मीच देतो. आणि गटासाठी तिच्या रक्ताची एक ट्यूब काढा. मामा, बाई राहील. तुम्ही जा आणि मोठ्या रुग्णालयातून रक्त आणा."

आता घोडं नियमावर अडलं. पेशंटशिवाय गाडी बाहेर काढता येत नसे. फाटकावरचा पहारेकरी चिठ्ठी बघून नाव लिही. मामांनी खिसा चापटला. चिठ्ठी होतीच, सहीसकट. त्यांनी ट्यूब शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, रक्ताचं मागणीपत्र दातात धरलं आणि एक पन्नासला बाई कागदोपत्री फाटकाबाहेर पडली.

टेबलावरच्या बाईची वार निघाली, पण तुकड्या-तुकड्याने. रक्त थांबलं, पुन्हा सुरू झालं, मग नुसतं झिरपायला लागलं. प्रेशर सत्तर. डॉक्टरांचा हात आत, सिस्टरची मूठ वर. घड्याळ भिंतीवर होतं आणि दोघंही तिकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होती.

अडीच वाजता सिस्टर हळूच म्हणाली, "साहेब, रजिस्टर कोरंच आहे."

डॉक्टरांना समजलं. कागदावर ही बाई आता पुलाच्या आसपास असणार होती. इथे गेली, तरी तिथे गेली असं लिहिता आलं असतं. इतकी सोय त्यांना बारा महिन्यांत कधी मिळाली नव्हती. प्रेशर पासष्ट झालं.

"लिहा," ते म्हणाले. "दाखल, एक पन्नास. शाईने लिहा."

समिती चारच्या ठोक्याला आली, म्हणजे सगळंच विपरीत घडत होतं. अध्यक्ष मॅडमनी चहा नको म्हटलं आणि रजिस्टर मागितलं. तेवढ्यात मामा बर्फाची पेटी छातीशी धरून त्यांच्यासमोरून पळत गेले. पहिली पिशवी लागली. वीस मिनिटांनी प्रेशर नव्वदवर आलं, तेव्हा डॉक्टर हात धुऊन ऑफिसात आले.

मॅडमच्या एका बोटाखाली रजिस्टर होतं आणि दुसऱ्याखाली फाटकावरची वही. एकच बाई एकाच वेळी दाखल झालेली आणि बाहेर गेलेली कशी, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मामांना बोलावणं गेलं. पेशंटशिवाय गाडी नेलीत का?

"होती की पेशंट, मॅडम," मामा म्हणाले. "खिशात."

कोणी हसलं नाही. मॅडमनी गाडीची वही मागवली. अशा रीतीने त्या इमारतीत पहिल्यांदाच दोन विभागांच्या वह्या एका टेबलावर आल्या. मॅडम पानं उलटत गेल्या आणि थांबल्या.

"या चार ओळींत सुपूर्द केल्याची वेळ नाही."

मामा छताकडे बघायला लागले. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"नोंद राहून गेली असेल," त्या म्हणाल्या. आवाज जवळजवळ मायेचा होता. "असं होतं. तसं लिहून दिलंत तर माझी हरकत नाही."

"बारा महिने तेच लिहितोय," डॉक्टर म्हणाले. "त्या पोचल्या नाहीत. इथूनच गेल्या होत्या. मी पाठवल्या होत्या."

टोपण पुन्हा निघालं.

फ्रीज दुसऱ्या एका रुग्णालयाला मिळाला, तिथे शून्य अजून शाबूत होतं. इथे चौकशी लागली. तिच्या अहवालात चार मृत्यूंसाठी एक परिच्छेद आणि वाहनाच्या अनधिकृत फेरीसाठी तीन परिच्छेद होते.

पण ते पुढे. त्या संध्याकाळी दुसरी पिशवी संपत आली, बाईने डोळे उघडून पाणी मागितलं, आणि डॉक्टर ओलं फडकं घेऊन फलकापाशी गेले. बारा एका फटक्यात पुसले गेले. शून्य काही केल्या निघेना. शेवटी त्यांनी त्याच्यावरच खडूने चार काढला. लांबून तो दिसत नव्हता. वाचायला अगदी जवळ यावं लागत होतं.

बाळाला खांद्यावर थोपटत जाऊ जवळ आली. हा आकडा कसला, असं तिने विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, काही न गाळता.

तिने बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"यात आमची धाकटी धरली नाही ना?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. आणि खात्री करून घ्यायला पुन्हा वॉर्डात गेले.