पाळकसाहेब उठले तेव्हा

दयाबाईला कुणी विचारलं असतं की, बाई, तुझा नवरा काय करतो, तर ती म्हणाली असती, "अडवतो." काय अडवतो, कशाला अडवतो, हे दौंडात सांगत बसायची गरज नव्हती. येशुदास आनंदरावांच्या हॉकी टीमचा गोलकीपर होता आणि चौदा वर्षं पगारावर चेंडू अडवत आला होता. कागदोपत्री ते अकराजण आनंदरावांच्या तेलाच्या गिरणीतले कामगार. पण त्यांतल्या एकानंही कधी पेंडेचं पोतं उचललेलं कुणी पाहिलं नव्हतं.

टीमचा थोडा भार दयाबाईवरही होता. दर शुक्रवारी ती शेणात पांढरी माती कालवून गोलसमोरची जागा सारवायची. इतकी गुळगुळीत, की पाहुण्या टीमचे लोक चपला काढू की नको म्हणून थबकायचे. फक्त डाव्या खांबाजवळचा एक खळगा ती तसाच ठेवायची. येशुदासच्या टाचेनं पडलेला खळगा होता तो. "त्यात पाय बसला की मला कळतं, मी कुठं हाय," असं तो म्हणायचा.

भांडण सुरू झालं पंचावन्न साली. मॅच बघायला माणूस लोटायचं, पण तिकीट काढून बसणारे थोडे आणि बाभळीवर व रेल्वेच्या भरावावर चढून फुकट बघणारे फार. आनंदराव म्हणाले, मैदानाला भिंत पाहिजे, बसायला पायऱ्या पाहिजेत, आणि त्या गावानं बांधून द्याव्यात, घरटी दोन रुपये पट्टी काढून. नाही तर टीम चालली शिरूरला. तिथल्या लोकांनी दगडी पायऱ्या आधीच बांधून ठेवल्यात.

"टीम शेटची, नफा शेटचा, आन् भिंत आमची?" असं अर्धं गाव म्हणालं. उरलेलं अर्धं म्हणालं, "आरं पर टीम गेली तर रविवारी करायचं काय?" आणि बरेचजण सकाळी एका अर्ध्यात असायचे, संध्याकाळी दुसऱ्या.

दयाबाईचं मात्र तसं नव्हतं. तिला शिरूर हवं होतं. तिची आई, प्रेमाबाई, शिरूरच्या मिशनच्या आवारात एकटी राहायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. दौंडला ये म्हटलं तर म्हणायची, "तुझा बाप हितं पुरलाय, त्याला टाकून जावयाच्या दारात येऊ व्हय?" त्या महिन्यात शेजारणीनं लिहिलेलं कार्ड आलं होतं : आईनं चूल विझली समजून निखाऱ्यात हात घातला, आता बरं आहे, काळजी नसावी.

येशुदासनं कार्ड दोनदा वाचलं. मग म्हणाला, "सभेत पट्टीला आपण दोघांनी बी हो म्हणायचं न्हाई. टीम शिरूरला गेली की आपण बी गेलो."

"तुमचं गाव सुटंल," ती म्हणाली.

"गाव काय, स्टेशन हाय. गाडीनं येता येतंय."

असं तो म्हणाला खरा, पण शिरूरला गाडी जात नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

सभा ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनामंदिरात ठरली, कारण एवढं माणूस मावेल असं दुसरं छप्पर नव्हतं. अध्यक्ष झाले पाळक शमुवेलसाहेब. त्यांनी जन्मात हॉकीची काठी धरली नव्हती, म्हणून ते कुणाच्याच बाजूचे नाहीत यावर सगळ्यांचं एकमत होतं. रविवारी बसतात तशाच बायका डावीकडच्या सतरंजीवर, पुरुष उजवीकडच्या. मागं दाराशी शेखलालमामा आणि त्यांच्या आळीतले लोक. शेखलालमामा म्हणजे टीमच्या मोडक्या काठ्या सांधणारे. सरस आणि सुतळी त्यांच्या खिशात कायम.

दोन तास बोलणी झाली. मग आनंदराव म्हणाले, "हात वर करायचे न्हाईत. मागल्या टायमाला काहींनी दोन-दोन केले होते. ज्यांना पट्टी मंजूर हाय, त्यांनी उभं ऱ्हावं."

नेमकी त्याच वेळी पाळकसाहेबांची कंबर धरली. ते टेबलाला धरून कण्हत उठले.

आता त्या मंदिरात तीस वर्षांची रीत होती. पाळकसाहेब उठले की मंडळी उठायची. गीत असो, आशीर्वाद असो, कुणी कारण विचारत नसे. सगळी मंडळी उठली. मंडळी उठली म्हणून मागं शेखलालमामाही उठले, आणि मामा उठले म्हणून त्यांची आळी.

गिरणीच्या कारकुनानं लिहिलं : पट्टी एकमतानं मंजूर. आनंदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दयाबाई उभी होती. आपण उभं का आहोत हे तिला कळेना. तिनं पुरुषांकडं पाहिलं, तर येशुदासही उभा.

बाहेर तर नुसता गलका. "तू तर इरोधात होतास की!" "मी हायेच इरोधात." "मग उभा कशाला राहिलास?" "पाळकसाहेब उठले न्हवं!" शेखलालमामा म्हणाले, "आमी आपलं समजलो, प्रार्थना असंल. दुसऱ्याच्या देवाच्या घरात बसून ऱ्हायचं, बरं दिसतं का?"

घरी पोचल्यावर दयाबाईनं भाकरीचं पीठ असं थापलं की परात वाजली.

"तुम्ही शब्द दिला व्हता."

"दिला व्हता की."

"मग उठलात कशाला?"

"तू उठलीस. मला वाटलं, माझ्यापायी तुझं मन फिरलं."

"मन कशाचं फिरतंय! पाय उठले."

येशुदासनं बराच विचार केला. "माझे बी पाय आधी उठले," तो म्हणाला. "तू मागनं दिसलीस."

ती चिडलेलीच होती, पण हसू आलं. हसता हसता आईचा भाजलेला हात डोळ्यापुढं आला आणि तव्यावरची भाकरी करपली.

आठवडाभर गावात कुणाला काही कळेना, कोण कुणीकडचा. शेवटी पाळकसाहेबांनी स्वतःच सांगितलं की ठराव माझ्या कंबरेनं केला, गावानं नव्हे. पुढल्या रविवारी पुन्हा घेऊ.

पुढल्या रविवारी ते कंबरेला गरम फडकं बांधून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी उठणार नाही. छप्पर पडलं तरी नाही. तुम्ही आपापल्या मनानं वागा."

"पट्टी मंजूर असंल त्यांनी उभं ऱ्हावं," आनंदराव म्हणाले.

सगळ्यांनी पाळकसाहेबांकडं पाहिलं. ते खुर्चीचे हात धरून बसलेले. कुणीच उठलं नाही. आठ दिवस चावडीवर पट्टीसाठी घसा फोडणारे बसून होते. टीम जाणार म्हणून जेवण सोडलेले शेखलालमामासुद्धा पाळकसाहेबांच्या गुडघ्यांकडं बघत बसून होते.

दयाबाईच्या मनात आलं, झालं आपल्या मनासारखं. आता आईची चूल आपल्या हाती. तिनं सहज पुरुषांकडं नजर टाकली.

येशुदास मांडी घालून बसला होता. त्याचे ते फावड्याएवढे पंजे त्यानं आपल्याच गुडघ्यांवर दाबून धरले होते. गोलच्या रेषेवर आलेला चेंडू दाबून धरावा, तसे. कपाळावर घाम. बायकोकडं बघायचं नाही म्हणून तो समोरच्याच्या मानेकडं बघत होता.

मंदिरात काहीतरी हललं. सगळ्या माना वळल्या. दयाबाईला वाटलं, आपल्यामागं कुणी उठलंय. मग कळलं की आपणच.

"दयाबाई," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "अगं, मी उठलो नाही."

"व्हय, पाळकसाहेब."

"मग तू?"

खाली बसावं तर ते जमेना. कारकुनानं लिहिलं : पट्टी नामंजूर, बाजूनं मत एक. तेवढ्यात मागून शेखलालमामांचा आवाज आला, "आता उठलं तर चालंल का?" पण आनंदरावांनी टोपी डोक्यावर चढवली होती.

पंधरा दिवसांनी गिरणीचा ट्रक निघाला. त्यात गोलचे खांब, पॅड, काठ्या, आणि गोलकीपरचा संसार. दयाबाईच्या मांडीवर माती भरलेली पाटी होती.

"शिरूरला माती न्हाई व्हय?" येशुदासनं विचारलं.

"असंल. ही ह्या गोलची हाय."

ट्रक गावाबाहेर पडला. मग तो बाहेर बघत म्हणाला, "तू उभी का राहिलीस गं?"

"पाळकसाहेबागत," ती म्हणाली. "कंबर धरली."

त्यानं मान हलवली. त्याला पटलं की नाही, तिला सांगता आलं नसतं.

शिरूरला प्रेमाबाईनं लेकीचा चेहरा चाचपला आणि विचारलं, "आलीस? किती दिवसासाठी?" दयाबाईनं तिचा भाजलेला तळवा हातात धरून ठेवला. "बघू," म्हणाली, आणि चुलीपुढं जाऊन बसली.

शुक्रवारी ती पाटी घेऊन मैदानावर गेली. दगडी पायऱ्या खरोखरच होत्या, ऐसपैस. खांब नुकतेच रोवलेले. डाव्या खांबापाशी येशुदास अनवाणी उभा होता आणि टाचेनं जमीन चाचपत होता. इकडं सरके, तिकडं सरके.

"काय हुडकताय?"

"मी कुठं हाय, ते कळंना," तो म्हणाला.

तिनं पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि शेणात माती कालवायला बसली. डाव्या खांबाजवळची हातभर जागा तेवढी तिनं सारवायची सोडली.

"ऱ्हावा तिथंच उभं," ती म्हणाली. "पडंल खळगा."