हिरड्यांतलं बिऱ्हाड

पोटातले जंतू परत आले हे ऐकून खूश होणारा माणूस जगात एकच, आपला सोफेवाला. आता याला काय म्हणावं? बायको गेल्यापासून घरात चिटपाखरू नाही. लेक लांबच्या शहरात, फोन करते तोही कामापुरता. आणि डॉक्टरांनी विचारलं, "काका, औषधं पूर्ण घेऊनही जंतू परत आलेत. तुमच्या ताटातलं कुणी खातं का?"

"लेक," तो लगेच म्हणाला. खोटं नव्हतं. मागे आली तेव्हा स्वतःचं ताट सोडून बापाच्या ताटातलं उचलत होती, लहानपणची खोड.

"मग तिलाही तपासून घेऊ."

झालं, निमित्त मिळालं. लेकही घाबरली. शनिवारी येते, तुमच्याच डॉक्टरांना दाखवते, म्हणाली. जन्मभर लोकांच्या खुर्च्यांना कापड ठोकणाऱ्या या गृहस्थाने घरातल्या फाटक्या खुर्चीला पहिल्यांदाच नवं कापड चढवलं.

त्यातच हिरड्यांतून रक्त फार यायला लागलं, म्हणून तो शुक्रवारी दातांच्या डॉक्टरणीकडे गेला. ठोकताना बारीक खिळे तोंडात धरायची त्याची सवय, आणि दात घासायचा कंटाळा. हिरड्यांची पार वाट लागली होती. तिने आरसा घालून बघितलं, पोटाच्या गोळ्यांचीही चौकशी केली.

"काका, तुमच्या हिरड्या दातांपासून सुटल्यात. या फटींत पोटातले जंतू दबा धरून बसू शकतात. गोळ्यांनी पोट साफ होतं, इथलं तसंच राहतं आणि घासाबरोबर परत खाली जातं. आधी इथली सफाई करू."

"म्हणजे लेकीकडून नाही आले?"

"मला तरी त्यांचं बिऱ्हाड इथेच दिसतंय." तिने तिथूनच पोटाच्या डॉक्टरांना फोन लावला. "तेही म्हणतात, लेकीला काही त्रास नसेल तर तिची धावपळ नको."

सोफेवाल्याला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं. घरी येताना मनात आलं, गप्प बसावं, सोमवारी सांगावं. कोण विचारतंय? दोन दिवस घरात कुणीतरी बोलेल. पण तिने रजा टाकली होती, पोरांना शेजारणीकडे ठेवणार होती. त्याचं मन त्याला खाऊ लागलं. शिवाय एक लबाड आशाही होती, की ती म्हणेल, असू द्या बाबा, आता येतेच.

त्याने फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"हुश्श," लेक म्हणाली. "जिवात जीव आला. मग आता नाही येत, बाबा. बरं झालं आजच सांगितलंत, नाहीतर फुकटचा हेलपाटा झाला असता."

त्या हेलपाट्यासाठी त्याने तोंडातले उरलेसुरले दात काढून दिले असते.

"हो ना," तो म्हणाला.