काळ्या बरणीतला खजूर

“पुन्हा काळं पडलं बाप्पा! आता अजून काय करावं याले?” ज्योत्स्नाताई शेजारच्या बरणीकडे बघून माझ्या कानाशी पुटपुटल्या.

मित्रांनो, मी बहारीनमधल्या एका प्रयोगशाळेतली जुनी काचेची बरणी आहे. माझा जन्म मुरंब्यासाठी झाला, पण नशिबी खजूर आला.

रिफा गावच्या नसीमाखालांच्या अंगणात त्यांच्या वडिलांनी लावलेला खजूर होता. तशी गोड जात आता दुसरीकडे उरली नव्हती. त्याच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू आणून, त्याचा गाभा चिरून नवी रोपं वाढवायला एकेक तुकडा आम्हा बरण्यांत पोषक जेलीवर ठेवला.

वांगं चिरलं की काळं पडतं ना? खजुराचंही तसंच. जखम झाली की तो फिनॉल नावाची रसायनं सोडतो. उघड्यावर तेच त्याचं चिलखत. बरणीत मात्र ती जाणार कुठे? तुकडा आपल्याच चिलखतात गुदमरतो. माझ्या शेजारणी अशाच एकेक करून रिकाम्या झाल्या.

मग ताईंच्या जोडीला काम करणाऱ्या अश्वजितभाऊंनी माझ्या जेलीत कोळशाची पूड कालवली. तिने सगळं फिनॉल शोषून घेतलं. पाहुणे मला बघून नाक मुरडायचे, “ही घासायची राहिली वाटतं!” मुरडोत बापडे. पोटात काळोख घेऊन मी बाळ पांढरंशुभ्र ठेवलं होतं.

दुसरं पिल्लू आणायला गेलेले भाऊ रिकाम्या हातांनी परतले. भुंग्याने बुंधा पोखरला होता. झाड आडवं झालं होतं. आता ती जात फक्त माझ्या पोटात होती.

खाला तेव्हा मुलीकडे राहत होत्या. दर आठवड्याला येऊन विचारायच्या, “मेरा पेड़ कैसा है?”

“एकदम बढ़िया, खाला,” भाऊ माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे. खोटंही नाही आणि खरंही नाही. ज्योत्स्नाताईंना तेव्हाच नेमकं टेबल पुसायचं असायचं.

मग एका सकाळी माझ्या काळ्या जेलीवर हिरवा कोंब उभा राहिला. मित्रांनो, त्या दिवशी मला मुरंब्याच्या बरण्यांची कीव आली!

ताईंनी मला खालांच्या हातात दिलं. भाऊंनी घसा खाकरला. “खाला, आपका पेड़ एकदम...”

“मेरा पेड़ खलास, बेटा,” खाला म्हणाल्या. “मैं कब का देखकर आई. तुमको बोलने को डर लगता था. अब इसको संभालो.”