मशीन बंद करू नको

शुभंकरला इंदूरच्या इस्पितळात हलवलं तेव्हा भाद्रपद सरत आला होता आणि धारमध्ये एका घराआड एका घरात डेंग्यूचा ताप होता. गाडीत बसताना त्याला धड उभंही राहवत नव्हतं, तरी त्यानं बायकोला, कृतिकाला, एकच गोष्ट दोनदा सांगितली. "मशीन बंद करू नको. काम अर्धं आहे. आल्यावर बघतो."

तो आला नाही. आठवडाभरात सगळं आटोपलं.

मशीन मात्र चालू राहिलं. मागच्या खोलीत खिडकीशी लावलेला तो जुना कॉम्प्युटर शुभंकरनं स्वतः जोडलेला होता. पीथमपूरच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून, कंपनीच्या बसनं घरी येऊन, हातपाय धुऊन तो त्याच्यापुढे बसायचा. कारखान्याशी त्या कामाचा संबंध नव्हता. जगभरातली माणसं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितात आणि फुकट वाटतात, त्यातला एक लहानसा तुकडा हा सांभाळत असे. वायफायचं एक स्वस्त अडॅप्टर होतं, नखाएवढं, कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं. ते आणि कॉम्प्युटर यांच्यातला जो दुभाषा असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो शुभंकरकडे होता.

त्या ड्रायव्हरला एक खोड होती. कॉम्प्युटर बंद करायला गेलं की पडदा काळा व्हायचा, पण आत पंखा फिरतच राहायचा. मशीन ना चालू, ना बंद. मग बटण दाबून धरून ते जबरदस्तीनं बंद पाडावं लागे. शुभंकर वर्षभर त्याच्या मागे होता. कृतिकाला त्यातलं फार कळायचं नाही, पण जेवताना तो समजावून सांगायचा. बंद करायचं म्हणजे नुसती वीज तोडायची नाही. आधी नवं काम घेणं थांबवायचं. हातातलं पुरं होऊ द्यायचं. राउटरला सांगायचं की मी निघालो. मग चिपला निजवायचं आणि सगळ्यांत शेवटी वीज. यातलं एखादं पाऊल पुढेमागे झालं की घोटाळा.

तेरावा झाला, दिवाळी न करता गेली, संक्रांत आली. कृतिका बँकेत जाऊ लागली. सासरे, श्रीपादराव, गल्लीतल्या राममंदिरात सकाळची पूजा करत. ते घरी परतले की मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पंख्याची घरघर ऐकत ते जप करायचे आणि अंगावरच्या पंच्यानं पडद्यावरची धूळ पुसायचे. कृतिका इन्व्हर्टरमध्ये पाणी घालायची. मशीनबद्दल दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

होळीच्या सुमारास दोन गोष्टी एकदम झाल्या. कृतिकाच्या बदलीची ऑर्डर आली, देवासच्या शाखेत. आणि इन्व्हर्टर टूंटूं करू लागला. मिस्त्रीनं बॅटरीवर हात ठेवून सांगितलं की ही फुगलीय, आता हिचा भरवसा नाही. लाइट गेली की त्याच क्षणी सगळं बंद.

कृतिकानं तेव्हाच अजेयला फोन लावला. अजेय देवासचा, शुभंकरचा इंजिनियरिंग कॉलेजपासूनचा दोस्त, तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. अंत्यविधीला तो आला होता आणि लगेच परतला होता. त्यानं फोनवर विचारलं, मशीन अजून चालूच आहे? ती हो म्हणाली. तो म्हणाला की हात लावू नका, रविवारी पहिल्या बसनं येतो.

तो आला तेव्हा श्रीपादराव त्याच खोलीत बसले होते. कृतिकानं त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं की आज मशीन बंद करावं लागणार. ऐकून त्यांनी फक्त मान हलवली होती. आता ते खुर्चीतून उठेनात.

"मामंजी, बॅटरी गेली तर ते तसंही बंद पडणार," कृतिका हलकेच म्हणाली. "त्याचं काम त्यात आहे. ते वाया जाईल."

"तो म्हणाला होता, बंद करू नको."

"हो. मलाच म्हणाला होता."

म्हातारा खुर्चीतून उठला. मग पंचा खांद्यावर टाकून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

पासवर्ड कृतिकाला ठाऊक होता. शुभंकरनं घरात काही झाकून ठेवलेलं नव्हतं. पडदा उजळला आणि त्यानं ज्या खिडक्या उघड्या सोडल्या होत्या त्या तशाच दिसल्या. एका ओळीच्या टोकाशी ठिपका लुकलुकत होता. अजेय वाचू लागला. कृतिकानं चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली, तरी त्यानं कपाला हात लावला नाही.

"वहिनी," शेवटी तो म्हणाला, "इसने तो कर रखा था."

तिला कळेना.

त्यानं समजावून सांगितलं. ड्रायव्हरमध्ये एक घड्याळ होतं. ते ठरावीक वेळानं एक काम लावून द्यायचं, की जा, चिपला विचार, जागी आहेस ना. मशीन बंद करताना ड्रायव्हर ते काम रद्द करायचा, पण घड्याळ चालूच राहायचं आणि नवं काम लावून मोकळं व्हायचं. तोवर चिपची वीज गेलेली. काम चिपच्या उत्तराची वाट बघत बसे आणि मशीन त्या कामाची. आधी घड्याळ थांबवायचं, मग काम रद्द करायचं, एवढंच करायला हवं होतं. शुभंकरनं त्या दोन ओळींची अदलाबदल केली होती. फक्त सेव्ह केलं नव्हतं.

"तो अर्धं म्हणाला होता," कृतिका म्हणाली.

"करून झालं होतं. फक्त एकदा बंद करून बघायचं राहिलं होतं."

ती तिथेच पलंगाच्या कडेला बसली. ताप चढलेला असताना, डोळे उघडत नसताना, त्यानं ते शोधलं असणार. त्या दिवशी ती त्याच्यावर चिडली होती, की झोप, पडद्यापुढून ऊठ. तो उठला होता.

अजेयनं सगळं सेव्ह केलं, दुसऱ्या डिस्कवर नकल घेतली. नवा ड्रायव्हर तयार झाला. पण चालू मशीनमध्ये अजून जुनाच होता, त्यामुळे पहिल्यांदा बंद करताना ते अडकणारच. बटण दाबून धरून ते शेवटचं एकदा जबरदस्तीनं बंद पाडावं लागेल, असं तो म्हणाला आणि हात मागे घेऊन बसला. त्याला ते करवेना.

कृतिका ओट्यावर गेली. श्रीपादरावांना तिनं सांगितलं की शुभंकरनं काम पुरं केलेलं आहे, आता ते खरं का खोटं पाहायचं तर बंद करण्यावाचून गत्यंतर नाही. ते उठून तिच्या मागोमाग आत आले आणि दाराशी उभे राहिले.

पडदा काळा झाला. पंखा फिरत राहिला. कृतिकानं बटणावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. पंखा मंदावला, थांबला. भाद्रपदापासून पहिल्यांदाच त्या खोलीत काही आवाज नव्हता. श्रीपादरावांनी चौकट धरली.

अजेयनं लगेच मशीन पुन्हा चालू केलं. अडॅप्टरचा हिरवा दिवा लागला. मग त्यानं मशीनला रीतसर बंद व्हायला सांगितलं. पडदा काळा झाला, हिरवा दिवा विझला, आणि त्यापाठोपाठ पंखाही आपसूक थांबला. कोणी काही दाबलं नव्हतं. दुपारभर त्यानं तेच केलं, चालू, बंद, चालू, बंद. एकदाही अडकलं नाही. श्रीपादराव आता खुर्चीत येऊन बसले होते. प्रत्येक वेळी पंखा थांबला की ते डोळे मिटायचे.

निघण्यापूर्वी अजेयनं तो बदल जिथे पाठवायचा असतो तिथे पाठवला. लेखक म्हणून नाव शुभंकरचं ठेवलं. खाली तपासणाऱ्याची सही लागते, ती आपली घातली. जास्त काही लिहिणं त्याला सुचलं नाही.

चैत्रात कृतिका देवासला आली. टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्या मिळाल्या. श्रीपादराव धार सोडायला तयार झाले नाहीत. रामाची पूजा कोण करणार, एवढंच ते म्हणाले. मशीन तिनं सोबत आणलं, पण खोक्यातून काढलं नाही.

आणि एका संध्याकाळी शुभंकरच्या खात्यावर मेल आला. ते खातं अजून तिच्या फोनवर होतं. ज्याच्या हाताखालून हे सगळे बदल जातात त्या माणसाचा मेल होता. इंग्रजीत लिहिलं होतं, की शुभंकर, बऱ्याच दिवसांनी! बदल बरोबर दिसतो. एकच शंका, लॅपटॉप निजवतानाही हाच क्रम लागेल का? तेवढं बघून सांगशील?

कृतिका फोन हातात घेऊन दिवेलागण होईपर्यंत तशीच बसून राहिली. शंकेचं उत्तर तिनं अजेयकडून घेतलं. वरचं मात्र तिनं स्वतः लिहिलं, की शुभंकर गेल्या भाद्रपदात गेला, मी त्याची बायको, तुमच्या शंकेचं उत्तर खाली आहे. भाद्रपदाला इंग्रजीत काय म्हणावं हे तिला क्षणभर आठवलं नाही, आणि तेवढ्यानंच तिच्या डोळ्यांना धार लागली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. रविवारी तिनं धारला फोन लावला. श्रीपादरावांना इंग्रजी फारसं येत नसे आणि तिची शाळा सगळी हिंदीतून झालेली, त्यामुळे ती अडखळत, शब्द शोधत मराठीत सांगत गेली. "ते लिहितात, मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं चार वर्षं एकमेकांना लिहीत होतो, भेट कधी झाली नाही. तो रविवारी उत्तर देत नसे. म्हणायचा, घरी जेवायला दाल-बाफले असतात, वडील वाट बघतात. मला बाफले म्हणजे काय ते अजून माहीत नाही. त्यानं केलेला बदल आम्ही घेतला आहे, त्याच्याच नावानं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

"कुठला माणूस हा?" श्रीपादरावांनी विचारलं.

"ठाऊक नाही, मामंजी. लांबचा आहे कुणी."

"त्याला कळवायला हवं होतं गं. आपल्याकडून राहून गेलं." मग त्यांनी विचारलं, "असे आणखी असतील का?"

असतील, असं ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं खोकं उघडलं, मशीन जोडलं आणि शुभंकरच्या मेलमधली नावं एकेक वाचू लागली. जो कुणी त्याच्याशी आपलेपणानं बोललेला दिसला, त्या प्रत्येकाला तिनं वेगळं लिहिलं. शेवटचं पत्र गेलं तेव्हा ऊन कलत आलं होतं. तिनं मशीन बंद केलं. ते नीट बंद झालं.