वरच्या बिजागरीची पिन

कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी नवऱ्याचे खिसे तपासायचे, ही सवय तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात लागली. नवरा खिडक्या बसवणारा. त्याच्या खिशातून काय निघेल याचा नेम नसे. स्क्रू, रबराच्या पट्टीचे तुकडे, काचेखाली सरकवायच्या प्लास्टिकच्या चकत्या, एकदा तर कुणाच्या तरी घराची किल्ली. त्यापायी एक मशीन कामातून गेलं होतं, आणि तेव्हाही हे महाशय म्हणाले होते, "मशीनच हलकं होतं." आपली चूक म्हणून कधी कबूल केली असेल तर शपथ.

त्या सकाळी निळ्या शर्टाच्या वरच्या खिशातून पिन निघाली. बोटाएवढी, पोलादी, तेलाने चकचकीत.

तिने मशीनचं झाकण तसंच उघडं ठेवलं.

दुसरी एखादी बाई असती तर तिने ती पिन उचलून खिळ्यांच्या डब्यात टाकली असती आणि विसरून गेली असती. पण ही सुरुवातीची कितीतरी वर्षं नवऱ्याबरोबर कामावर जात होती. तो वर, ही खाली, मध्ये झडप. दुहेरी काचेच्या खिडकीची झडप म्हणजे दोन जाड काचा, मध्ये कोंडलेली हवा आणि भोवती चौकट. एकट्याने उचलायला जावं तर कंबरच धरायची. ते सगळं ओझं खालच्या बिजागरीवर बसतं, आणि ते पुढे कलंडू नये म्हणून वरच्या बिजागरीत ही एवढीशी पिन असते. रबर बदलायचं असो की चौकटीतला गाळ काढायचा असो, आधी पिन खाली ओढून काढायची, झडप उतरवायची. काम झालं की झडप परत टेकवायची, बंद करायची आणि पिन खालून वर सरकवायची. पिन नसली तरी बंद खिडकी अगदी शहाण्यासारखी उभी राहते. कुणी मूठ फिरवून ती आत ओढली की मग ती त्याच्या अंगावर येते.

म्हणून नवऱ्याचा एक नेम होता. काढलेली पिन शर्टाच्या वरच्या खिशात, आणि खिसा रिकामा झाल्याशिवाय हात धुवायचे नाहीत. "माझा दात पडेल, पिन पडणार नाही," असं तो गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा. काल मात्र त्याने हात धुतले होते. हात धुऊन, तोंड पुसून, भरलेला खिसा घेऊन तो घरी आला होता.

ती ओल्या हातांनीच घरभर फिरली. स्वयंपाकघर, झोपायची खोली, बाहेरची खोली. स्टुलावर चढून प्रत्येक खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात बोट घालून तिने पाहिलं. पिना जागच्या जागी होत्या. एरवी हे बघून तिला बरं वाटलं असतं, आज वाटलं नाही. कारण बाहेरची कामं त्याने केव्हाच सोडली होती, आणि या आठवड्यात घराबाहेर त्याने एकाच ठिकाणी हत्यारांची पेटी उघडली होती. मुलीकडे. बाळाच्या खोलीत.

बाळाच्या खोलीत वारा येतो, बाळाची सर्दी हटत नाही, म्हणून मुलीनेच त्याला बोलावलं होतं.

त्याला विचारावं तर तो केस कापायला गेलेला आणि फोन इथे टेबलावर. आणि विचारून तरी काय होणार होतं? ही खरी भीती होती, आणि ती आजची नव्हती. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणं कोण करत नाही? त्याचं तिने हसून घेतलं होतं. पण एक दिवस तो दूध आणायला गेला आणि शाळेजवळच्या बाकावर बसून राहिला, घराचा रस्ता कुठला ते आठवेपर्यंत. एक दिवस जेवताना त्याने विचारलं, "दादा येणार होता ना आज?" दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, त्याला जाऊन वर्षं लोटली होती. तिने "येतील, तुम्ही जेवा," म्हणून वेळ मारून नेली, आणि मग मोरीत नळ सोडून रडली.

हे तिने मुलीला सांगितलं नव्हतं. मुलीचा फोन आला की ती त्याच्या शेजारी बसायची, तो अडखळला की पुढचा शब्द स्वतःच बोलायची. मुलगी चिडायची, "आई, बाबांना बोलू दे ना!" सांगणार कसं? दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मुलगी बाळाला त्यांच्याकडे सोडायची. ते गुडघ्यांवर रांगणारं गोळ्याएवढं पोर आलं की नवरा पुन्हा पूर्वीसारखा व्हायचा, गाणी काय म्हणायचा, घोडा काय व्हायचा. मुलीला कळलं की ते थांबलं असतं. कुठली आई विसरभोळ्या म्हाताऱ्याच्या भरवशावर रांगतं पोर सोडेल? हिनेही सोडलं नसतं. म्हणून तर तिने तोंड शिवून घेतलं होतं.

तिने मुलीला फोन लावला. पहिल्याच घंटीला मुलीने उचलला.

"काय गं आई?"

सांगायचं वाक्य ओठांवर होतं. बाबा पिन बसवायला विसरलेत, खिडकीला हात लावू नका. एवढंच. पण त्याच्या पुढचा प्रश्न तिला आधीच ऐकू आला: बाबा विसरले? बाबा? आणि तिची जीभ वळली ती भलतीकडेच.

"अगं, बाळाच्या खोलीतली खिडकी आज उघडू नका हं. बिजागऱ्यांना तेल लावलंय, ते अजून ओलं आहे."

"तेल वाळतं का कधी?"

"हे वेगळं असतं. उघडझाप केली तर पुसून जाईल. यांनीच सांगितलंय."

"बरं बाई, नाही उघडत. ह्यांनाही सांगते, आज घरूनच काम चाललंय त्यांचं."

फोन ठेवल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. चहाचं आधण ठेवलं. नवरा आला की त्याला घेऊन जायचं, गप्पांच्या ओघात पिन सरकवून टाकायची, कुणाला पत्ता लागणार नाही. स्वतःच्या हुशारीचं तिला दोन मिनिटं कौतुकही वाटलं. माणूस घाबरला की असला शहाणपणा सुचतो खरा.

चहा गाळताना तिला जावई आठवला. जावई भला माणूस, पण अंगात मदतीची फार खाज. काही ओलं दिसलं की वाळवणारा, काही सैल दिसलं की आवळणारा. त्याला "तेल ओलं आहे" म्हणून सांगितलं तर तो काय करील?

खिडकी उघडेल. वारा लागू दे म्हणेल.

गाळणं ओट्यावर पडलं. तिने पुन्हा फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. जावयाचा लावला. तोही वाजत राहिला.

मग ती तशीच निघाली. घरातल्या चपला, ओला पदर, कमरेला खोचलेला फोन, मुठीत पिन. मुलीचं घर चार गल्ल्या पलीकडे होतं. रोजचा रस्ता आज सरता सरेना. वाटेत शेजारीण म्हणाली, "इतकी घाईत कुठे?" ती न थांबता पुढे गेली. चौकात एक गाडी करकचून थांबली, गाडीवाला काहीतरी ओरडला. तिच्या डोळ्यांपुढे ती खिडकी, तिच्यासमोरची गोधडी आणि गोधडीवर रांगणारं बाळ. मी मारलं, असंच तिला वाटत होतं. झालं असेल तर नवऱ्याने नाही, मी मारलं. त्याला तर आठवत नव्हतं. मला सगळं माहीत होतं.

लिफ्ट वर कुठेतरी अडकलेली. ती जिन्याने चढली. मुलीच्या मजल्यावर पोचण्याआधीच तिला बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि त्यावर मुलीची किंचाळी, "हलू नका! तुम्ही हलू नका!"

दार नुसतं लोटलेलं होतं.

बाळाच्या खोलीत जावई खिडकीकडे तोंड करून उभा होता, दोन्ही हात वर, छाती काचेला टेकलेली. झडप वरून सुटून त्याच्यावर कलली होती आणि खालच्या एका बिजागरीवर पिळवटून लोंबत होती. कपाळातून रक्ताची एक धार भुवईपर्यंत आली होती. बाळ त्याच्या पायाला मिठी मारून रडत होतं. मुलगी एका हाताने झडपेची कड धरून दुसऱ्या हाताने बाळाला ओढायला बघत होती आणि तिचा हात पोचत नव्हता. दोन्ही फोन पलंगावर पडले होते.

"आई, सुटतंय माझ्या हातून," जावई म्हणाला.

"सोडू नकोस!" ती ओरडली. मुलीचं लग्न झाल्यापासून जावयाला तिने कधी अरेतुरे केलं नव्हतं. "अजिबात सोडू नकोस. मी आले."

ती बिजागरीच्या बाजूला घुसली आणि खांदा झडपेखाली घातला. ओझं अंगावर येताच गुडघे वाकले, पण तिला ते ओझं ओळखीचं होतं. "आता तू हात काढ," ती मुलीला म्हणाली. "बाळाला उचल आणि बाहेर जा. मागे वळून बघू नकोस."

मुलीने झडपेवरचा हात काढला. ते सगळं वजन दोघांवर आलं आणि जावयाच्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज निघाला. मुलीने बाळाला पायापासून सोडवलं, उचललं आणि धावत बाहेर नेलं. आता काच फुटली तरी फुटो, असं म्हणायला हरकत नव्हती. पण काचेखाली अजून लेकीचा नवरा होता.

"आता ऐक. ओढायची नाही, ढकलायचीही नाही. आधी सरळ उभी करायची. माझ्याबरोबर. हं."

झडप इंच इंच वर आली. वरचा कोपरा चौकटीला टेकला.

"आता बंद कर. पूर्ण. मूठ खाली."

मूठ खाली गेली. खिडकी पुन्हा शहाण्यासारखी उभी राहिली. जावई भिंतीला टेकून खाली बसला. तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि मुठीतली पिन खालून वर सरकवली. मुठीत पिनेचा वळ उठला होता.

ती खाली उतरली तेव्हा मुलगी दारात उभी होती. बाळ कडेवर, हुंदके देत. मुलगी खिडकीकडे बघत नव्हती, आईच्या हाताकडे बघत होती.

"ती पिन तुझ्याकडे कशी आली?"

"यांच्या खिशात होती."

"म्हणजे तुला माहीत होतं. फोन केलास तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू मला तेलाचं सांगितलंस? तेल वाळावं म्हणून ह्यांनी उघडली, आई! मी नको म्हणत होते, तर म्हणाले, वारा लागला की लवकर होईल. बाळ खाली खेळत होतं!"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तुझे बाबा विसरतात गं," ती म्हणाली. "चष्मा वगैरे नाही. रस्ता विसरतात. माणसं गेलेली विसरतात. बरेच महिने झाले. तू बाळाला पाठवायचं बंद करशील, म्हणून मी बोलले नाही. मला भीती वाटली."

"आणि मला भीती वाटायला नको होती?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि अजून बरंच काही बोलायचं होतं तिला, तेवढ्यात आईचा फोन वाजला. नंबर नवऱ्याचा होता. तो घरी पोचला होता.

मुलीने हात पुढे केला, फोन घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"अगं, कुठे गेलीस?" त्याचा आवाज प्रसन्न होता. केस कापून आला की तो नेहमीच खूश असायचा. "चहा गाळून ठेवलायस आणि तू गायब."

"मुलीकडे आले आहे," ती म्हणाली.

"बरं झालं. तिला सांग, मी दुपारी पेटी घेऊन येतो. बाळाच्या खोलीतल्या त्या खिडकीतून वारा येतो म्हणत होती ना? कधीचं राहिलंय. रबर आणून ठेवलंय मी, आज बदलूनच टाकतो."

जावयाने भुवईवरचं रक्त पुसलं आणि मान खाली घातली. अशा वेळी पुढचं वाक्य स्वतः बोलून टाकायची तिला सवय होती. तिने तोंड उघडलंही, पण मग मुलीकडे पाहिलं.

मुलीच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता. तिथे आता जे होतं ते आईने आरशात रोज पाहिलं होतं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही येऊ नका. मीच येते तिकडे. आत्ता निघते."

"ये की! आज शुक्रवार नाही का, बाळाला आणतेस ना?"

मुलीने बाळाला छातीशी घट्ट धरलं. "आज नको, बाबा."

"बरं, मग मंगळवारी आण," तो म्हणाला. "मी घोडा होतो म्हणावं."

मुलगी हो म्हणाली नाही. तिने आईकडे पाहिलं, आणि फोन तसाच दोघींच्या मध्ये राहिला, त्यावर तो हॅलो, हॅलो म्हणत होता.